शनिवार-रविवार लोकांतच जातो, मग माझं काय?

"मॅडम, सुट्टी सगळी लोकांतच जाते. स्वतःचं काही करायचं ते राहूनच जातं."

समुपदेशक म्हणून हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की सुरुवात झाली की पुढचं मला पाठ असतं. तुळशीचं लग्न लागलं की या तक्रारीचा हंगाम सुरू होतो. हळदी, लग्नं, साखरपुडे, शाळेच्या बॅचची गेट-टुगेदर, कोणाची साठी, कोणाची पंच्याहत्तरी. त्यातच नवं वर्ष उजाडतं आणि संकल्पांची यादी येऊन बसते. पुरुष सहसा "वेळच मिळत नाही" एवढ्यावर थांबतात. बायका हळूच पुढचं विचारतात, "असं वाटतं म्हणजे मी माणूसघाणी झालेय का?"

नाही. पण हे नुसतं सांगून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना मीरा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

मीरा पस्तिशीतल्या. ठाण्यात घर, फोर्टात नोकरी, आठ वर्षांचा मुलगा, सासर डोंबिवलीचं आणि गोतावळा मोठा. फेब्रुवारीत माझ्याकडे आल्या तेव्हा आदल्या सुट्टीचा हिशेब त्यांनी एका दमात दिला. शुक्रवारी रात्री कल्याणला मावसभावाची हळद, शनिवारी लग्न, संध्याकाळी मुलाच्या मित्राचा वाढदिवस, रविवारी मामेसासऱ्यांची पंच्याहत्तरी. रविवारी रात्री घरी पोचल्यावर सोमवारच्या डब्याची भाजी निवडलेली नाही म्हणून नवऱ्याशी कडाक्याचं भांडण.

"सगळे म्हणतात मी हौशी आहे," त्या म्हणाल्या. "मला मात्र आपलं घर भाड्याने देऊन आपणच जिन्यात बसल्यासारखं वाटतं."

मग फोन पुढे केला. नोट्समध्ये तीन ओळी होत्या: 'एन४. हाफ मॅरेथॉन. स्वतःचं काहीतरी.' एन४ ही जपानी भाषेच्या परीक्षेची पायरी. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. एन५ त्यांनी कॉलेजात असताना दिली होती. यादी मात्र दोन वर्षं जुनी होती.

"हळदीत कोण कोण नाचलं?" मी विचारलं.

त्या गोंधळल्या. "नाचले असतील सगळेच. डीजे होता."

"तुम्ही?"

"मी मागे खुर्चीवर. जपानीचं ॲप उघडून. म्हटलं, तेवढाच अभ्यास."

"किती झाला?"

"डीजेपुढे काय होणार, मॅडम?"

"म्हणजे अभ्यास नाही आणि हळदही नाही."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या काही भेटी नवरा, सासूबाई, ऑफिस यांच्यावर गेल्या. त्या इथे सांगत बसत नाही, कारण अडचण तिथे नव्हती. मग एकदा मी विचारलं, "एवढ्यात एखादी सुट्टी पूर्ण मोकळी मिळाली होती का? कुठेच जायचं नाही, कोणी यायचं नाही?"

बराच वेळ गेला. "मिळाली होती. नवरा आणि मुलगा डोंबिवलीला गेले होते."

"काय केलंत?"

"कपाट आवरलं. मग माळा. मग रील्स बघत पडले." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "जपानीचं पुस्तक माळ्यावरच सापडलं होतं. पुसून परत ठेवलं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे लोकांनी माझं काही नेलंच नाहीये."

हे वाक्य मीही आधीच म्हणू शकले असते. मी म्हटलं असतं तर तो उपदेश झाला असता आणि त्यांनी तो मान डोलावून विसरूनही टाकला असता. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट बऱ्यापैकी जमते असं वाटतं, ती म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. नव्या समुपदेशकांना नेमकं तेच जड जातं.

माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, तिचं मूळ साधं आहे: घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात धरलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो. इच्छा असायला काहीच हरकत नाही, तिची सक्ती झाली की त्रास सुरू होतो. मीरा यांच्या मनात अशा दोन सक्त्या एकाच सुट्टीवर दावा सांगत होत्या. एक म्हणे, सुट्टीत मी काहीतरी भरीव केलंच पाहिजे. दुसरी म्हणे, बोलावलं की गेलंच पाहिजे, तेही हसतमुखाने. हळदीत बसलं की पहिली टोचायची, पुस्तक उघडलं की दुसरी. माळा आवरताना दोघी गप्प राहायच्या, म्हणून माळा आवरला जायचा.

यादीकडे आम्ही परत गेलो.

"हे एकवीस किलोमीटर कोणाचे?"

"ऑफिसच्या ग्रुपचे," त्या पटकन म्हणाल्या आणि मग खळखळून हसल्या. मॅरेथॉन तिथल्या तिथे खोडली. जपानी मात्र त्यांचं स्वतःचं होतं. ती लिपी काढताना डोकं शांत होतं, असं सांगताना त्यांचा चेहराच बदलला. 'स्वतःचं काहीतरी' हे ध्येय नाही, ती हुरहुर आहे. ती राहू द्यावी, तिला तारीख लावू नये. मला खटकलं ते वेगळंच: त्या यादीत एकही माणूस नव्हता. हार्वर्डमध्ये १९३८ पासून माणसांच्या आख्ख्या आयुष्यांचा जो अभ्यास सुरू आहे, त्यात म्हातारपणीच्या आरोग्याशी आणि समाधानाशी चांगल्या नात्यांचा ठळक संबंध दिसला आहे. आपण मात्र ध्येयं लिहिताना परीक्षा, वजन आणि पैसे लिहितो, आणि माणसांना अडथळ्यांत जमा करतो.

राहिला प्रश्न टोचणीचा. तिच्यावरचा उपाय माझा नाही. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अपुरं राहिलेलं काम मनात लुडबुड करतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की काम पूर्ण होण्याआधीच ती लुडबुड कमी होते. म्हणून सुट्टीत काय करायचं हे आम्ही ठरवलंच नाही. मंगळवार आणि गुरुवार ठरवले. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल, बसायला जागा, सीएसएमटीपर्यंत तासभर. डब्यातल्या मैत्रिणींना सांगायचं की हे दोन दिवस मी वहीत. त्यांनी आधी 'जपानी मावशी' म्हणून चिडवलं. महिन्याभराने त्याच इतरांना गप्प करू लागल्या, "ए, हिचा अभ्यास चाललाय."

वाचणाऱ्यांपैकी कोणाची हीच तक्रार असेल तर आधी स्वतःची शेवटची रिकामी सुट्टी आठवा, आणि तेव्हा काय केलंत ते खरं सांगा. ध्येयाला आठवड्यातला वार आणि जागा द्या, शक्यतो सोमवार ते शुक्रवार, कारण सुट्टीवर इतरांचाही हक्क असतो आणि तो असावा. बोलावणं आलं की लगेच हो म्हणू नका. भिंतीवरचं कॅलेंडर बघा, एका सुट्टीत दोनच ठिकाणं घ्या, बाकीच्यांना आधीच आणि प्रेमाने नाही सांगा. तोंड पाडून हजेरी लावण्यापेक्षा वेळेवर कळवलेला नकार लोक लवकर विसरतात, हे मी खात्रीने सांगते. आणि जिथे जाल तिथे सगळ्यांना पुरे पडायला जाऊ नका. एका माणसाशी नीट बोलायचं ठरवून जा. मीरा एका डोहाळजेवणात आत्येसासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि १९८२ च्या गिरणी संपात त्यांनी पोळ्या लाटून घर कसं चालवलं, ते पहिल्यांदा ऐकलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि या बाई म्हणजे 'नेहमी कोपऱ्यात बसणाऱ्या' एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एक मात्र वेगळं काढा. लोकांतही मन लागत नाही, एकट्यातही नाही, आवडीच्या गोष्टींतही गोडी वाटत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आहे, तर हा वेळेच्या नियोजनाचा विषय नव्हे. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

मीरा यांनी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन४ दिली आणि संध्याकाळी एका स्वागत समारंभालाही गेल्या. निकाल जानेवारीअखेर लागला. १८० पैकी ९० लागतात, तेवढे मिळाले. पण ऐकून समजण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ लागतात, तिथे दोन गुणांनी गेली. वर्षापूर्वी अशा निकालावर त्यांनी स्वतःला काय काय म्हटलं असतं, याची मला कल्पना आहे. या वेळी फोनवर त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "बरोबरच आहे की. लेडीज डब्यात वाचता येतं, ऐकायला कुठे येतं? आता बुधवारी सकाळी चालताना कानात लावणार."