वाचक विचारतात: आरएफ प्रोब व्होल्टेज एवढं कमी का दाखवतो?

प्रश्न: सर, मी नागपुरात मानेवाड्यात राहतो, हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स आहे. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) ५ वॅटचा ट्रान्समीटर बनवला, अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावला. पॉवर मोजायला आरएफ प्रोब (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज डीसी करून मीटरला देणारं छोटं सर्किट) केला, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १एन३४ए डायोड ग्राउंडला आणि पुढे ४.७ मेगाओमचा रेझिस्टर. पण बर्डीवरून (सीताबर्डी बाजार) आणलेलं साधं ८३० वालं डिजिटल मल्टिमीटर ४ व्होल्टच्या वर जातच नाही, डायोड बदलला तरी तेच. महागडं मीटर घ्यायचं बजेट नाही, काय करू?

उत्तर: ट्रान्समीटरच्या कॉइल अजिबात हलवू नका, तो बहुतेक बरोबर चालतोय. ५ वॅट ५० ओमवर म्हणजे १५.८ व्होल्ट आरएमएस (पॉवर काढायला धरतात ते परिणामी व्होल्टेज), पीक म्हणजे लाटेचं टोक २२.४. प्रोब पीक पकडतो आणि रेझिस्टर अन् मीटरचा आतला रेझिस्टन्स मिळून तो असा विभागला जातो की मीटरवर सरळ आरएमएस दिसावा. ४.७ मेगाओम हे ११ मेगाओमच्या मीटरसाठी आहे, तुमच्या स्वस्त मीटरचा डीसी रेंजवर आतला रेझिस्टन्स साधारण १ मेगाओमच असतो, मग २२.४ भागिले ५.७, आले ३.९ व्होल्ट. सर्किट देणारे कोणत्या मीटरसाठी ते लिहीत नाहीत याचा मला खरंच राग येतो, शिकणारी पोरं चांगला चालणारा सेट उकलून ठेवतात.

खात्री करून घ्या. ९ व्होल्टची बॅटरी आधी सरळ मोजा, मग १ मेगाओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून मोजा, आकडा निम्मा झाला तर मीटर १ मेगाओमचं, थोडासाच उतरला तर १० मेगाओमचं. निम्मा झाला तर ४.७ मेगाओम काढून ३९० किलोओम आणि २२ किलोओम सिरीजमध्ये लावा, मग १५-१६ दिसायला पाहिजे. रेंज डीसीचीच ठेवा, या मीटरची एसी रेंज काही शे हर्ट्झपर्यंतच धड चालते, ७ मेगाहर्ट्झला तिचा काही उपयोग नाही.

डायोडचं मात्र सांभाळा. या जोडणीत त्याच्यावर उलटं व्होल्टेज पीकच्या दुप्पट येतं, म्हणजे ५ वॅटला जवळपास ४५ व्होल्ट, १एन३४ए तेवढं झेलतो पण १० वॅटला धोका आहे. बॅट८५ शॉटकी ३० व्होल्टचाच, तो इथे नको, १एन५७११ मिळाला तर उत्तम. १एन३४ए जर्मेनियमचा, आणि जर्मेनियमचं लीकेज (उलट्या दिशेनं झिरपणारा करंट) उष्णतेनं वाढतं बरं का, आपल्याकडच्या मे महिन्यात १ व्होल्टखालच्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

ग्राउंडची वायर होईल तेवढी आखूड ठेवा. आणि डमी लोडमध्ये वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला) रेझिस्टर असेल तर तो आधी काढा, त्याची गुंडाळी आरएफला कॉइलसारखी वागते अन् ५० ओम राहतच नाही. १ किलोओमचे अर्ध्या वॅटचे २० कार्बन फिल्म रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओम, १० वॅटचा लोड तयार होतो.