फ्रिजवरचा तक्ता तो बघतच नाही

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, स्वमग्न आहे. दोन-तीन शब्दच बोलतो. सकाळच्या आवराआवरीसाठी बारा चित्रं छापून फ्रिजवर तक्ता लावला. महिना झाला, तो ढुंकूनही बघत नाही. 'ब्रश कर, आंघोळीला चल' हे मीच ओरडत असते. रिक्षा येईपर्यंत रडारड. चित्रं त्याला उपयोगाचीच नाहीत का? – एक आई, नाशिक

उत्तर : उपयोगाची आहेत, पण हा तक्ता त्याला हाताळता येत नाही. वेळापत्रक त्याच्या हातानं हललं पाहिजे : कार्ड काढायचं, काम करायचं, कार्ड 'झालं'च्या डब्यात टाकायचं. शिवाय बारा चित्रं एकदम म्हणजे फार झाली.

आधी हे तपासा. त्याचा ब्रश, वाटी आणि बूट समोर ठेवा, एकेकाचा फोटो दाखवून ती वस्तू मागा. दर वेळी जागा बदला. दहातल्या आठ वेळा बरोबर दिली, तर फोटो चालतील. नाही दिली, तर फोटोऐवजी वस्तूच वापरा : ब्रश हातात दिला की बेसिन, आंघोळीचा मग दिला की आंघोळ. यात काही कमी नाही, बऱ्याच मुलांची सुरुवात इथूनच होते.

फोटो त्याच्याच ब्रशचा काढा, खाली एकरंगी चादर घालून. मागे नळ आणि फरशी दिसली तर काही मुलं नळच बघत बसतात. कार्ड साधारण 6 सेंमी चौरस, लॅमिनेट केलेलं, कोपरे गोल कापलेले. वेल्क्रोची मऊ बाजू कार्डामागे, खरखरीत बाजू कार्डं लावायच्या पट्टीवर. सगळीकडे हाच नियम ठेवा, नाहीतर ऐन घाईत कार्ड चिकटत नाही. पट्टी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

पहिला आठवडा दोनच कार्डं : आधी बूट, नंतर त्याची आवडती गोष्ट. पहिलं काम सोपं घ्या, ब्रशचा त्रास असेल तर तो नंतर आणा. बूट घातले की आवडती गोष्ट त्याच क्षणी मिळायला हवी. चार-पाच दिवस सुरळीत गेले की तिसरं कार्ड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्या मागे उभं राहा आणि बोलू नका. त्याचा हात धरून कार्डापर्यंत न्या. काही दिवसांनी नुसता कोपराला स्पर्श, मग खांद्याला, मग काहीच नाही. समोरून 'बूट घाल' म्हणत राहिलात, तर तो तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतो आणि कार्ड नुसतं शोभेचं उरतं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, चित्रांची सवय लागली की तो बोलणारच नाही.

उत्तर : त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण चित्रांनी बोलणं थांबतं असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट वाढलं आहे. अशी वेळापत्रकं मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या स्वमग्न मुलांसाठीच्या 'टीच' कार्यक्रमामुळे रुळली. तो 1972 पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर चालतो. तिथेही चांगलं जमलं म्हणून वेळापत्रक काढून घेत नाहीत, त्याचं रूप बदलतात. फोटोवरून रेखाचित्र, मग शब्द, पुढे खिशातली वही. जमतंय म्हणून पट्टी काढलीत तर महिन्याभरात रडारड परतण्याची शक्यता आहे.

प्रश्न : शाळेला अचानक सुट्टी लागली तर?

उत्तर : लाल काठाचं 'बदल' कार्ड करा, पण पहिल्यांदा वाईट बातमीसाठी वापरू नका. खिचडीच्या कार्डावर त्याच्यादेखत 'बदल' लावा आणि शेजारी आइस्क्रीमचं कार्ड. असे चार-पाच सुखाचे बदल झाले, की मग त्याला फारसा फरक न पडणारे : निळ्याऐवजी हिरवा टॉवेल. शाळेची सुट्टी त्यानंतर, आणि त्या दिवशी रिकाम्या जागी काय आहे तेही कार्ड लावा. नुसती शाळा काढून जागा मोकळी ठेवलीत, तर पुढे काय हे त्याला कळायला काहीच उरत नाही.