शाळेत शेतातली भाजी आणताय? आधी मावशींना विचारा

उत्साह चांगलाच आहे, पण पहिल्याच महिन्यात पाच शेतकरी आणि दहा भाज्या असा पसारा मांडू नका. एक शेतकरी, एक भाजी, आठवड्यातून एक दिवस. पुरे.

आधी हिशेब करा. शाळेत दुपारचं जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे प्राथमिकची ३०० मुलं असतील तर १५ किलो. एवढ्यासाठी वसईहून वेगळा टेम्पो कुणालाच परवडत नाही. जो शेतकरी मुंबईत माल आणतोच, त्याच्याच फेरीत तुमचं पोतं बसवा.

स्वयंपाकाच्या मावशींना न विचारता पालेभाजी ठरवू नका. मी ठरवली होती! ऐन पावसात माठाच्या चाळीस जुड्या आल्या, मुळांना चिखल तसाच, आणि निवडायला दोघीच. त्या दिवशी खिचडी साधीच झाली, मावशी आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. दुधी, लाल भोपळा यांनी सुरुवात करा.

मुलांना शेतावर न्यायचं तर जुलैत न्या. बांधावर टाकळा, कुर्डू दिसतो. रानभाजी मात्र जाणत्या माणसाने दाखवलेलीच घ्यायची. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो.

आणि दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी शेतकऱ्याला लागवडीआधीच सांगा. सुट्टीत वेलाला लागलेले दुधी तो कुणाला विकणार?