जुनी इराणी घरे आतून कशी असत आणि ती आपल्या वाड्यांसारखीच होती का?

आपण विचारले आहे की, काशान किंवा यझ्दच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना केवळ मातीच्या उंच भिंती दिसतात, मग त्यांच्या आत घरे कशी असत, आणि ती आपल्या वाड्यांसारखीच होती का. मी या उत्तरात इराणच्या मध्य पठारावरील कोरड्या प्रदेशातील संपन्न कुटुंबांच्या घरांपुरतेच बोलतो. कॅस्पियन समुद्राकाठच्या पावसाळी प्रदेशातील घरांची रीत अगदी निराळी आहे.

या घराची सुरुवात दरवाजापासूनच समजून घ्यावी लागते. पुष्कळ जुन्या दरवाजांवर दोन निराळ्या कड्या असत, एक पुरुषांनी वाजवायची जड आवाजाची आणि दुसरी स्त्रियांनी वाजवायची बारीक आवाजाची. त्यामुळे बाहेर कोण आले आहे आणि दार कोणी उघडायचे, हे आतल्यांना आवाजावरूनच कळे. दार उघडल्यावर थेट अंगण दिसत नसे. आधी 'हश्ती' नावाची, बहुधा अष्टकोनी आणि घुमटाकार छताची देवडी लागे आणि तिथून वळणावळणाचे बोळ निघत. एक बोळ पाहुण्यांच्या व व्यवहाराच्या 'बीरूनी'कडे, तर दुसरा कुटुंबाच्या 'अंदरूनी'कडे जाई. अंदरूनीला अनेकदा सरसकट जनानखाना म्हटले जाते, ते मला पटत नाही. घरातले पुरुषही तिथेच राहत. तो भाग परक्यांसाठी बंद होता, एवढाच त्याचा अर्थ. काशानच्या तबातबाई घराला चार अंगणे आहेत, ती अशा विभागणीमुळेच.

पण माझ्या मते या घरांचे खरे मर्म अंगणाच्या दोन बाजूंत आहे. उत्तरेकडील दालनांची तोंडे दक्षिणेला असतात, त्यामुळे हिवाळ्यात खाली कललेल्या सूर्याचे ऊन थेट खोलीत खोलवर येते. ही झाली हिवाळ्यात राहण्याची बाजू. समोरची दक्षिणेकडील दालने उत्तराभिमुख असतात. ती सूर्याकडे पाठ करून सावलीत राहतात, त्यांची छते उंच असतात आणि त्यांच्याच मागे वा वर बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, उभा असतो. कुटुंब ऋतूप्रमाणे आपले बिऱ्हाड एका बाजूहून दुसऱ्या बाजूला हलवी, आणि उन्हाळ्याच्या रात्री सपाट गच्चीवर झोपे. खोलीला ठरावीक काम क्वचितच नेमलेले असे, आणि सामानही मुख्यतः गालिचे, गाद्या, लोड यांचेच असल्यामुळे हे स्थलांतर सोपे जाई. खोल्यांची नावेसुद्धा पंजदरी, सेदरी अशी, म्हणजे अंगणाकडे उघडणाऱ्या दारांच्या संख्येवरून पडलेली आहेत.

बादगीर उंचावरचा वारा पकडून तो खालच्या दालनात किंवा 'सरदाब' या तळघरात सोडतो. वाटेत पाण्याचा हौद असला, तर हवा आणखी गार होते. वारा पडला की तीच पोकळी उलट काम करते आणि आतील गरम हवा वर चढून बाहेर पडते. यझ्दच्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे 33 मीटर उंच आहे, पण सामान्य घरांचे त्याहून पुष्कळ लहान असत. काही घरांत अंगणाच्या मधोमध आणखी एक मजला खाली बाग खोदलेली असे. तिथे गारवा राही, जमिनीखालून येणारे कनातीचे, म्हणजे भुयारी कालव्याचे, पाणी जवळ येई, आणि खणलेली माती विटा पाडायला वापरता येई.

म्हणजे उंच आंधळ्या भिंती, वळणाचे बोळ आणि आतले अंगण हे सारे केवळ पडद्यासाठी नव्हते किंवा केवळ उन्हापासून बचावासाठीही नव्हते. एकाच रचनेतून दोन्ही गोष्टी साधल्या जात.

काशानमधील आज पाहायला मिळणारी मोठी घरे प्रामुख्याने काजार राजघराण्याच्या काळातील आहेत, कारण 1778 च्या भूकंपात शहराची फार हानी झाली होती. बोरूजेर्दी आणि तबातबाई ही दोन्ही घरे 19व्या शतकात उस्ताद अली मरियम यांनी रचली. तबातबाईंच्या मुलीशी लग्न करायचे, तर तिच्या माहेरच्या तोलाचे घर हवे, म्हणून बोरूजेर्दी घर बांधले गेले, असे काशानला सांगतात.

आता वाड्याविषयी. मधला चौक, बाहेरच्यांसाठी पुढचा आणि घरच्यांसाठी आतला भाग, हे साम्य खरे आहे. पण वाडा लाकडी खांब आणि तुळयांवर उभा राहतो, तर लाकडाच्या टंचाईमुळे इराणी घर कच्च्या विटांच्या जाड भिंती, कमानी आणि घुमट यांवर तोललेले असते. शिवाय आपल्या चौकाला पावसाळा झेलावा लागतो, म्हणून उतरती छपरे आली. तिथे पाऊस तुरळक, त्यामुळे चिखल व भुशाचा गिलावा केलेली सपाट गच्ची पुरते.