रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरने कमरेला पिस्तूल ठेवावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहात. फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट दगावला. नातेवाइकांनी तुमची कॉलर धरली, ड्रेसिंगची ट्रॉली उलथली, खिडकीच्या काचा फोडल्या. साहेबांनी प्रकरण ‘आपसात’ मिटवलं. आता रात्रपाळीला निघताना तुमच्या पोटात गोळा येतो. एक मित्र म्हणतो, रीतसर परवाना काढ. दुसरा म्हणतो, परवान्याच्या भानगडीत पडू नको, मी चोपड्याकडून आणून देतो.

मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, सांभाळते आहे. माझ्या मते रुग्णालयात न्यायला पिस्तूल नको. घर आणि रस्ता यांच्यासाठी विचार होऊ शकतो, पण त्याला एक अट आहे. ती पुढे सांगते.

आधी त्या दुसऱ्या मित्राचं बोलू. सातपुड्याच्या कडेला राहणाऱ्याला उमर्टी हे नाव सांगायला नको. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं ते गाव, गावठी कट्ट्यांसाठी बदनाम. तिथून येणारा माल पकडल्याची बातमी आपल्याकडच्या पेपरात सारखी असते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे. शिक्षेचं एक वेळ सोडा. ज्याने कट्टा आणून दिला त्याच्या मुठीत तुम्ही जन्मभर राहाल. उद्या तोच एखादं खोटं मेडिकल सर्टिफिकेट मागायला येईल, तेव्हा नाही म्हणायला तोंड राहणार नाही. शिवाय गावठी नळी कधी फुटेल याचा नेम नसतो. तसा फाटलेला पंजा मी शिवला आहे. त्या माणसाने ‘फटाक्याने भाजलं’ असं सांगितलं होतं. असे येणारे सगळे तेच सांगतात.

आता परवान्याचं. मला बंदुकीचं वावडं नाही. यावल तालुक्यात आमची केळी आहे, आणि रानडुकरांपायी वडिलांकडे पीकसंरक्षणाची बारा बोअर बंदूक होती. तिला तेल लावणं, काडतुसं मोजून वहीत टिपणं, दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणणं, हे लहानपणापासून बघितलं आहे. वडील म्हणायचे, ही घरात आहे म्हणून मला झोप कमी येते. ते विनोदाने म्हणत नसत.

कॅज्युअल्टीत नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पेशंट टेबलावर आहे, तुम्ही छाती दाबताय, दोन्ही हात गुंतलेले, पाठ दाराकडे, अ‍ॅप्रन वर सरकलेला. कमरेला जे काही असेल ते मागच्या माणसाला तुमच्याआधी दिसणार. आणि मागे एक माणूस नसतो, पंधरा-वीस असतात, हाताच्या अंतरावर. त्या गर्दीत हत्यार बाहेर काढायला जो वेळ लागतो तेवढ्यात ते दुसऱ्याच्या हातात जातं. आतापर्यंत त्यांच्याकडे चपला आणि सलाईनचा स्टँड होता, आता तुमचं भरलेलं पिस्तूल आहे. लेबर रूमला धावायचं झालं तर ते ठेवणार कुठे? ऑपरेशन थिएटरच्या नाडीच्या पायजम्यात अर्धा-पाऊण किलोचं वजन टिकत नाही. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं, खास महिलांसाठी म्हणून हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेसुद्धा अर्ध्या किलोचं. मग ड्युटी रूमच्या ड्रॉवरमध्ये? त्या ड्रॉवरची चावी कुठे टांगलेली असते हे मावशीपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

(जाता जाता: २०१७ मध्ये लखनऊच्या राम मनोहर लोहिया संस्थेत एका मंत्र्याचा अंगरक्षक पिस्तुलासकट एमआरआयच्या खोलीत शिरला आणि ते जाऊन मशीनला चिकटलं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात एमआरआय नाही हे माहीत आहे. पण अंगावर हत्यार आहे हे माणूस सवयीने विसरतो.)

तुम्ही म्हणाल, गोळी कोण झाडतंय, नुसतं दाखवलं तरी गर्दी पांगेल. इथेच कायदा आडवा येतो. आपल्याकडे झाकून बाळगायचा असा वेगळा परवाना नसतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यातच हवं, आणि ते उगारायला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे ‘दाखवून धाक’ हा जो मधला मार्ग तुमच्या डोक्यात आहे, तोच नेमका बंद आहे. अमेरिकेचा दाखला काही जण देतात. टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते, पण तिथल्याही रुग्णालयांच्या दारावर शस्त्रबंदीची पाटी असते.

राहिली गोळी झाडायची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. कॉलर धरणं, काच फोडणं हे त्या पातळीला पोचत नाही. कलम ४४ तर वाचाच. तिथलं उदाहरण जमावाचंच आहे: जमाव एखाद्याला ठार मारायला आला आहे, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. अशा वेळी गोळीने मुलाला इजा झाली तरी तो गुन्हा नाही, असं कायदा म्हणतो. आपल्या कॅज्युअल्टीच्या दारात जमलेल्या घोळक्यात कडेवरची पोरं असतातच. कायद्याने सोडलं तरी ते कोर्टात, काही वर्षांनी. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात ओपीडी कशी काढणार?

एका गोष्टीवर आपली मंडळी बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. तुम्ही लिहिलंय की झोप लागत नाही, नोकरी सोडावीशी वाटते, कशातच राम वाटत नाही. अशा दिवसांत घरात भरलेलं हत्यार असणं हा बाहेरच्या कुठल्याही जमावापेक्षा मोठा धोका आहे. वाईट क्षण येतो आणि बहुतेकदा निघूनही जातो. हाताशी पिस्तूल असेल तर तो निघून जायला अवधीच मिळत नाही. विषबाधेच्या पेशंटपैकी किती जण शुद्धीवर आल्यावर ‘मॅडम, वाचवा’ म्हणतात हे तुम्हीही बघितलं असेल. परवान्याचा विचार करायच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आपल्यासाठीही आहे, फक्त पेशंटना देण्यासाठी नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात, भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अपघातातल्या डोक्याला मार लागलेल्या पेशंटला दुसरीकडे हलवा असं सांगितल्याबद्दल एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि सरकारने ११०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर आयएमए या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने घेतलेल्या ऑनलाइन पाहणीत ३,८८५ डॉक्टरांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ३५.५ टक्क्यांना रात्रपाळी असुरक्षित वाटत होती. एका डॉक्टर बाईंनी पर्समध्ये घडीचा चाकू आणि पेपर स्प्रे ठेवत असल्याचं सांगितलं होतं. पेपर स्प्रेला परवाना लागत नाही. बस स्टँडपासून क्वार्टरपर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्याला तो ठीक आहे. बंद वॉर्डात मात्र मारू नका, नातेवाइकांच्या आधी दम्याचा पेशंट आणि तुम्ही स्वतः खोकत बसाल.

धुळ्याची घटना मी मुद्दाम आठवते. तिथे ठिणगी पडली ती ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ या निरोपाला. आपल्याकडची बहुतेक भांडणं दोनच क्षणी पेटतात: रेफर करताना आणि मृत्यू सांगताना. दोन्ही क्षण तुम्हाला आधी कळतात. सगळी तयारी तिथे लावा.

माझी पद्धत सांगते. पेशंट गंभीर आहे हे पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येऊन सांगते, आणि मग थोड्या थोड्या वेळाने सांगत राहते, काही नवं नसलं तरी. शेवटचं वाक्य एकदम कानावर आलं की डोकं फिरतं. दरम्यान सिस्टर विचारून ठेवते की या लोकांत ऐकतात कोणाचं. ते आरडाओरडा करणारं पोरगं कधीच नसतं. कोणीतरी आबा, नाहीतर एखादी मावशी कोपऱ्यात बसलेली असते. तुमच्याकडे धडगाव-मोलगीच्या बाजूला आशाताई सोबत आलेली असली तर तिच्याइतका माणूस नाही, कारण निरोप पावरी किंवा भिली बोलीत गेला पाहिजे, आपल्या पुस्तकी मराठीत नाही. एकदा एक म्हातारी माझा हात धरून विचारत होती, ‘मना पोऱ्याले काय व्हयनं ते सांग.’ तिला मी बसवलं, शेजारी बसले आणि अहिराणीतच सांगितलं. बाहेर तिच्या पुतण्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. त्यांना तिनेच आवरलं.

मृत्यू सांगायच्या आधी पोलीस ठाण्याला फोन जातो, नंतर नाही. ११२ आहेच, पण ठाणे अंमलदाराचा मोबाईल नंबर भिंतीवर हवा. चॅनल गेट ओढून एकच माणूस आत येईल इतकी फट ठेवायची. दोन जणांना आत घ्यायचं, तुम्ही उभं राहायचं ते मागच्या दाराच्या बाजूला. रेफर करताना १०८ ला फोन केल्याची वेळ केसपेपरवर लिहायची आणि ती नातेवाइकांना दाखवायची. तुमच्या टेबलाची पाठ दाराकडे असेल तर आज रात्रीच ते फिरवून घ्या, त्याला मंजुरी लागत नाही. सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही यांसाठी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रामुळे रक्षक येईलच असं नाही, पण पुढच्या वेळी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं कोणाला म्हणता येणार नाही.

आता ती अट. ठरावीक माणसाकडून, नाव-गाव माहीत असलेल्याकडून, खंडणीची किंवा जिवाची धमकी असेल, तो घराभोवती घिरट्या घालत असेल, तर परवान्याचा अर्ज करणं गैर नाही. खासगी दवाखाना चालवणाऱ्या काहींवर ती वेळ येते. नंदुरबार, धुळे, जळगाव या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस अहवाल लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि शारीरिक-मानसिक तपासणीचा दाखला लागतो. मिळालेला परवाना पाच वर्षांचा असतो. फाईल फिरायला वेळ लागेल हे धरूनच चाला. शासकीय सेवेत आहात तर वरिष्ठांना आधी लेखी कळवा. आणि परवाना मिळाला तरी हत्यार घरात कुलपात, रुग्णालयाच्या आवारात नाही.

मात्र अर्जात पहिला प्रश्न येतो तो धमकीच्या पुराव्याचा, आणि तुमच्याकडे तो नाही, कारण प्रकरण मिटवलं गेलं. महाराष्ट्राचा २०१० चा कायदा वैद्यकीय कर्मचाऱ्यावरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड सांगतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मोडतोडीची भरपाई दुप्पट वसूल करता येते. तुम्ही लोकसेवक आहात, म्हणून न्याय संहितेची कलमं १२१ आणि १३२ सुद्धा लागतात. हे सगळं फक्त एफआयआर असेल तर. महिना उलटला तरी तक्रार देता येते, उशिराचं कारण तेवढं लिहावं लागतं. ठाण्यात घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. त्या रात्रीचा केसपेपर, फुटलेल्या काचांचे फोटो, ड्युटीवरच्या सिस्टरचं नाव हे गोळा करा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते शिल्लक आहे का हे उद्या सकाळी सगळ्यात आधी बघा.