आंब्याची वेबसाइट गिऱ्हाइकाच्या नजरेतून बघ

वेबसाइट काढलीस, छान झालं. पण उघडल्यावर आधी दिसतं काय, तर आजोबांचा फोटो आणि बागेचा इतिहास. हापूस घ्यायला आलेल्या माणसाला वेगळंच हवं असतं: डझनाला भाव काय, पेटी कधी पोचेल, आंबा कच्चा येणार की पिकलेला, खराब निघाला तर काय? ही उत्तरं सगळ्यात वर घे.

एक काम आजच कर. गेल्या हंगामातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज काढ आणि लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. मला सारखी विचारणा व्हायची, 'आंबा हिरवाच आलाय, आता काय करू?' मग मी आढी कशी लावायची, म्हणजे आंबे गवतात थर करून पिकत कसे घालायचे, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, याचं फोटोंसकट एक पान केलं. ते पान वाचून नवी गिऱ्हाइकं यायला लागली.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागातला असल्याची अधिकृत ओळख, मिळालं. तुझी त्यात नोंदणी असेल तर क्रमांक ठळक दे. आणि माल संपला की त्याच दिवशी तसं लिही, जूनमध्ये कुणाला ताटकळत ठेवू नकोस.