दिलीची धावपट्टी आणि ऑस्ट्रेलियाची धास्ती

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. तरीही ऑस्ट्रेलियाने डिसेंबर १९४१मध्ये त्याच्या तिमोर वसाहतीत सैन्य का उतरवले?

उत्तर : ऑस्ट्रेलियाला धास्ती पोर्तुगिजांची नव्हती, तिमोरमधील त्यांचे सैन्यबळ अगदीच तुटपुंजे होते, आणि खरी काळजी नेमकी त्याचीच होती. वसाहतीची राजधानी दिली ही उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरापासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे होता आणि डार्विनहून जावाकडे निघालेली विमाने तेथील कूपांगला उतरत असत. दिलीची धावपट्टी जपानच्या हाती गेली असती, तर ही वाट तुटली असती आणि खुद्द डार्विन माऱ्याच्या टप्प्यात आले असते.

संशयाला जागाही होती. एका जपानी कंपनीने तेथील मोठ्या मळेवाल्या कंपनीत भांडवल गुंतवले होते, आणि ऑक्टोबर १९४१मध्ये जपानने प्रशांत महासागरातील आपल्या ताब्यातल्या पलाऊ बेटांपासून दिलीपर्यंत विमानसेवेची परवानगी पोर्तुगालकडून मिळवली. ऑस्ट्रेलियाही हातावर हात ठेवून बसला नव्हता. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची सागरी विमाने जानेवारी १९४१पासूनच दिलीला थांबू लागली होती, आणि नागरी विमानवाहतूक खात्याचे डेव्हिड रॉस तेथे राहून जपान्यांच्या हालचाली कळवत होते. (दिलीला जाणारे उतारू ते किती असणार! विमानसेवा हे निमित्तच.)

अखेर १७ डिसेंबरला ऑस्ट्रेलियन व डच सैनिक दिलीत उतरले. गव्हर्नरांनी निषेध नोंदवला, पण प्रतिकार केला नाही; लिस्बनमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार मात्र संतापले. मोझांबिकहून पोर्तुगीज कुमक आली की या सैन्याने निघून जावे, अशी तडजोड झाली. पण ही कुमक घेऊन येणारे जहाज पोहोचण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी डार्विनवर बाँबहल्ला झाला आणि त्याच रात्री जपानी फौजा दिलीच्या किनाऱ्याला लागल्या.

पोर्तुगिजांच्या तटस्थतेची पुढे गोव्यातही अशीच गत झाली. मार्च १९४३मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश तुकडीने मुरगाव बंदरातील ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला.

आमच्या मते ऑस्ट्रेलियाची भीती खरी होती, पण उपाय घाईचा ठरला. पोर्तुगालची तटस्थता मोडावी की नाही, यावर जपानी राज्यकर्त्यांतच मतभेद होते. दोस्तांनी ती आधी मोडल्यामुळे जपानमधील आक्रमणवाद्यांच्या हाती आयते निमित्त पडले. तिमोरवरील जपानी ताब्याच्या पुढील तीन वर्षांत भूक, रोगराई आणि सूड यांपायी किमान ४० हजार तिमोरी माणसे मेली, असा अंदाज आहे.